वाटेच्या लेकराचा वाटा

रमजान सुरू झाला की आमच्या जालन्याहून मुंबईला जाणाऱ्यांची वर्दळ वाढते. कापडाचे, चपला-बुटांचे छोटे दुकानदार ईदचा माल भरायला निघतात. मदरशांचे सफीर, म्हणजे वर्गणी गोळा करायला पाठवलेले प्रतिनिधी, पावतीपुस्तकांची पिशवी काखोटीला मारून गाडीत बसतात. या महिन्यात देशभरातून असे सफीर मुंबईत येत असतात. कुणाची मुलाखत असते, कुणाची परीक्षा, कुणाला मंत्रालयात अडकलेला कागद पुढे सरकवायचा असतो. टाटा, केईएम, जे. जे. यांच्या फायली घेऊन जाणारे तर बाराही महिने जात असतात. आजाराला रमजान काय आणि दिवाळी काय! या साऱ्यांची अडचण एकच. मुंबई महाग आहे आणि खिशातले पैसे मोजून घेतलेले आहेत.

‘सर, मुंबईत स्वस्तात कुठं राहायचं?’ हा प्रश्न मला वर्षातून दहा-वीस वेळा तरी ऐकावा लागतो. मी कॉलेजात उर्दू शिकवतो. चर्चासत्रे, ग्रंथालये, परीक्षेची कामे यांच्या निमित्ताने मुंबईला जाणे होते, म्हणून मला तिथले सारे ठाऊक असणार, असा मुलांचा समज. पुढे आम्ही कॉलेजात एक वहीच ठेवली. जो कुणी मुंबईला जाऊन येईल त्याने त्यात आपला खर्च लिहायचा: कशाने गेला, कुठे झोपला, काय खाल्ले, किती लागले. पुढच्याला तेवढीच मदत. मुलांनी वहीच्या पुठ्ठ्यावर ‘मुंबई वही’ असे लिहून टाकले आहे.

ती वही चाळताना एक गोष्ट ठळकपणे दिसते. दिवसाचा खर्च सगळ्यांचा जवळपास सारखा, आटोक्यातला असतो. रात्रीचा मात्र कुणाचा कुणाशी मेळ बसत नाही. एकाने शंभरात रात्र काढलेली असते, तर दुसऱ्याने हजार रुपये मोजून ढेकणांसोबत. मुंबईतली काटकसर ही खरे तर त्या एका रात्रीची गोष्ट आहे.

दिवस स्वस्त कसा पडतो

आधी दिवसाचा हिशेब मांडू. देवगिरी एक्स्प्रेसमध्ये रात्री बसले की सकाळी सीएसएमटीला उतरता येते. स्लीपरचे तिकीट तीनशे रुपयांच्या आसपास पडते आणि झोप गाडीतच झाल्याने एका रात्रीचे भाडे वाचते. एसटीने गेल्यास महिलांना अर्धे तिकीट आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत. अनेकांना माहीत नसलेली एक सवलत इथे मुद्दाम सांगतो. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला रेल्वेत स्लीपर वर्गाचे भाडे पूर्ण माफ असते आणि सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाकडून ठरावीक नमुन्यातला दाखला घ्यावा लागतो. आमच्या गल्लीतल्या एका कुटुंबाने सहा महिने पूर्ण भाडे भरले, तेव्हा कुठे त्यांना कुणीतरी हे सांगितले.

मुंबईत उतरल्यावर लोकलचे कमीत कमी भाडे आजही ५ रुपये आहे. तेच अंतर पहिल्या वर्गाने २५ आणि वातानुकूलित लोकलने ३५ रुपयांना पडते. बेस्टच्या बसचे किमान भाडे २०२५ च्या मे महिन्यापासून ५ वरून १० झाले, वातानुकूलित बसचे १२. टॅक्सी ३१ रुपयांपासून सुरू होते, रिक्षा २६ पासून. पण माहीम-सायनच्या अलीकडे, म्हणजे दक्षिण मुंबईत, रिक्षा चालतच नाही. दिवसभर हिंडायचे असेल तर लोकलचे एक, तीन किंवा पाच दिवसांचे पर्यटक तिकीट मिळते. मोठ्या स्टेशनांवर सामानघर असते. बॅगेला कुलूप हवे, ही तिथली अट. बॅग तिथे ठेवली की हात मोकळे आणि टॅक्सीचा मोह कमी. ‘लोकल आणि बस मिळून दोन दिवसांत शंभराची नोटसुद्धा मोडली नाही,’ असे आमच्या एका विद्यार्थिनीने वहीत अभिमानाने लिहिले आहे.

खाण्याचेही तसेच. वडापाव आणि कटिंग चहावर हे शहर अर्धे आयुष्य काढते. माटुंगा स्टेशनसमोर १९४२ पासून चालत आलेली रामा नायक यांची खानावळ आहे. तिथे केळीच्या पानावर पोटभर जेवता येते. मरीन लाइन्सला कयानी १९०४ पासून चहा आणि ब्रून-मस्का देते आहे. गिरणगावात एकेकाळी घराघरांतून बायका गिरणी कामगारांसाठी खानावळी चालवत. सावकाराच्या कचाट्यात सापडलेल्या त्या बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. सरकारनेही प्रयत्न करून पाहिले. १९९५ मध्ये एक रुपयाची झुणका-भाकर आली आणि २०२० च्या प्रजासत्ताकदिनी दहा रुपयांची शिवभोजन थाळी. दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात. जवळपास केंद्र चालू असेल तर परक्या शहरात भर दुपारी यासारखा आधार नाही.

आणि रमजानात संध्याकाळ झाली की कुठल्याही मशिदीत दस्तरखान अंथरलेले असते. खजूर, कलिंगडाच्या फोडी, भजी, सरबत. मोहम्मद अली रोडच्या मालपुव्याचे आणि नळी निहारीचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील. ते खायला पैसे लागतात आणि रमजानात जरा जास्तच लागतात. मशिदीतल्या इफ्तारीला काहीच लागत नाही. पोलीस भरतीसाठी गेलेल्या आमच्या एका विद्यार्थ्याने वहीत लिहिले आहे: ‘क्रॉफर्ड मार्केटजवळ मशिदीबाहेर उभा होतो. एका चाचांनी हाताला धरून आत बसवलं. मी सांगितलं, माझा रोजा नाही, मी हिंदू आहे. ते म्हणाले, भूक तर आहे ना?’ त्या मुलाने खर्चाच्या रकान्यात शून्य लिहून खाली दोनदा रेघ ओढली आहे.

इब्नुस्सबील म्हणजे कोण?

‘खर्च’ हा मराठीतला रोजचा शब्द मूळचा अरबी. बाहेर जाणे या अर्थाच्या धातूपासून आलेला. हिशेब, जमा, मुक्काम, मुसाफिर हे शब्दही तिकडचेच. पण याच घरातला एक शब्द मराठीत आला नाही: इब्नुस्सबील. इब्न म्हणजे मुलगा, सबील म्हणजे वाट. वाटेचा मुलगा, वाटेचे लेकरू. घरापासून दूर, प्रवासात असलेल्या माणसाला अरबीत असे म्हणतात.

रमजानात बहुतेक मुस्लिम कुटुंबे जकातीचा हिशेब करतात. शिलकीवर अडीच टक्के, असा तो सर्वसाधारण हिशेब. ही रक्कम कुणाला द्यायची, याची यादी कुरआनच्या ‘तौबा’ या सूरेत आहे. त्यात आठ प्रकारचे हक्कदार सांगितले आहेत. गरीब आहेत, गरजू आहेत, कर्जात बुडालेले आहेत आणि शेवटी इब्नुस्सबील आहे. धर्मशास्त्राच्या जाणकारांनी इथे एक बारकावा सांगितला आहे. हा मुसाफिर आपल्या गावी खाऊन-पिऊन सुखी असला तरी चालेल. वाटेत त्याच्याजवळचे संपले असेल तर त्याचा हक्क लागू होतो. गावातली गरिबी आणि वाटेवरची गरिबी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यात ओळखले आहे. जालन्यात ज्याचे स्वतःचे घर आहे, दोन एकर शेत आहे, तो परळच्या फूटपाथवर बायकोचे रिपोर्ट घेऊन बसला की त्या क्षणी तो गरीबच असतो. त्याचे शेत तिथे त्याच्या उपयोगाचे नसते.

मुसाफिराला आणखीही सवलती आहेत. प्रवासात रोजा न ठेवता नंतर तेवढे दिवस भरून काढता येतात, चार रकअतींची नमाज दोन रकअतींत पुरी करता येते. माणूस वाटेवर असताना त्याच्याकडून थोडे कमी मागावे आणि त्याला थोडे जास्त द्यावे, असा सारा रोख.

हे फक्त आमच्याकडेच आहे, असे म्हणण्याचे कारण नाही. ज्या राज्यात दरवर्षी लाखो माणसे वारीला चालत जातात, तिथल्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. वाटेवरच्या गावांनी पिठले-भाकरी आणि टेकायला ओसरी दिली नसती, तर गरीब वारकरी पंढरपूरला पोचला असता का? सोळाव्या शतकात शेरशाह सूरीने मोठ्या रस्त्यांवर दर दोन कोसांवर सराया बांधल्या आणि तिथे हिंदू व मुसलमान प्रवाशांच्या जेवणाची वेगवेगळी सोय केली, असे त्याच्या चरित्रकाराने, अब्बास खान सरवानीने नोंदवून ठेवले आहे. राजा असो की गाव, परक्या माणसाची रात्र ही कुणाची तरी जबाबदारी आहे, असे मानले जात होते.

मुसाफिरखाना, धर्मशाळा, कुड

मुंबईने ही जबाबदारी कशी उचलली, हे पाहायला सीएसएमटीपासून चालतच जावे. दहा मिनिटांत महात्मा जोतिबा फुले मंडई येते. जुनी माणसे अजून क्रॉफर्ड मार्केटच म्हणतात. जवळच ‘मुसाफिरखाना’ नावाचा भाग आहे. आज तिथे अत्तरे आणि सौंदर्यप्रसाधने घ्यायला गर्दी होते. नाव कशावरून पडले याचा विचार सहसा कुणी करत नाही. ते नाव हाजी साबू सिद्दिक यांच्या मुसाफिरखान्यावरून पडले. हजला जाणारे लोक तेव्हा मुंबईहून जहाजाने जेद्दाहला जात. देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येत आणि जहाजाची वाट पाहत दिवसच्या दिवस मुंबईत पडून राहत. आयुष्यभर पै-पै जमवून निघालेली ही माणसे. त्यांनी मुंबईत भाड्याने खोली घेतली असती, तर हजसाठी काय उरले असते? जहाजाचा हा प्रवास १९९५ पर्यंत चालला. आमच्या आजोबांच्या पिढीतले हाजी मक्केच्या गोष्टी सांगायला बसले की सुरुवात मुंबईच्या मुसाफिरखान्यापासून करत.

तिथून जवळच जामा मशीद आहे. १८०२ मध्ये पूर्ण झालेली ही मशीद एका जुन्या तलावावर उभी आहे आणि तो हौद आजही आत आहे. बाहेर घाऊक बाजाराचा गोंगाट, आत पाण्याकाठी पाय पसरून बसलेले थकलेले हमाल आणि मुसाफिर.

धर्मशाळांचे जाळे याहून मोठे. सी. पी. टँकची जैनांची हिराबाग जुन्या मुंबईकरांना माहीत आहे. पण सामान्य रुग्णाच्या नातेवाइकाला विचाराल, तर तो गाडगेबाबांचे नाव घेईल. १८७६ मध्ये जन्मलेल्या, स्वतःसाठी झोपडीही न बांधणाऱ्या या माणसाने पंढरपूर, नाशिक, आळंदी इथे धर्मशाळा उभ्या केल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ त्यांची धर्मशाळा आहे. दादरला त्यांच्या नावाच्या मिशनची धर्मशाळा आहे. तिथे टाटा रुग्णालयातले कर्करुग्ण आणि त्यांचे नातेवाईक अगदी नाममात्र पैशांत राहतात. टाटा रुग्णालय १९४१ मध्ये परळला सुरू झाले. तिथे बिहार, बंगाल, आसामपासून माणसे येतात. उपचार महिनोन्‌महिने चालतात आणि औषधाच्या खर्चाइतकाच राहण्याचा खर्च माणसाला पिळून काढतो. तपासणीची तारीख आठ दिवसांवर असते. गावी जाऊन यावे तर भाडे, थांबावे तर लॉज. अशा वेळी धर्मशाळेतली एक खाट म्हणजे उपचार चालू राहणे आणि नसणे यांतला फरक असतो. हे मी अतिशयोक्तीने लिहीत नाही. वहीत एका पालकाने लिहिले आहे: ‘खाट मिळाली म्हणून पाचवी केमो झाली.’

तिसरा प्रकार गोवेकरांचा. धोबी तलाव, माझगाव भागात गोव्यातल्या गावांचे ‘कुड’ आहेत. एकेका गावाने मुंबईत मिळून घेतलेली ही जागा. जहाजावर नोकरी करणारे खलाशी बोट मिळेपर्यंत तिथे राहत. भिंतीलगत ओळीने प्रत्येकाची ट्रंक, एका टोकाला देव्हाऱ्यासारखी वेदी आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून म्हणायची प्रार्थना. कोकणातल्या अनेक गावांच्या मंडळांनी आणि मुस्लिम जमातींनीही अशाच खोल्या घेतल्या होत्या. गावचा माणूस आला की गावच्या खोलीवर. गिरणगावात तर एका खोलीत पाळ्यांप्रमाणे झोपायचे: दिवसपाळीवाला उठला की त्याच जागी रातपाळीवाला आडवा. वाटेगावहून बापासोबत पायी चालत मुंबईला आलेल्या अण्णा भाऊ साठ्यांसारखी हजारो माणसे या शहरात टिकली, ती अशा दाटीवाटीच्या जागांमुळे.

पाण्याचीही हीच कथा. चर्चगेटजवळची भिखा बेहराम विहीर एका पारशी गृहस्थांनी १७२५ मध्ये वाटसरूंसाठी खोदून घेतली. मस्जिद बंदरला केशवजी नाईक यांच्या नावाची १८७६ ची दगडी पाणपोई आहे. पाणपोईला उर्दूत आम्ही सबील म्हणतो. वाट आणि पाणपोई, दोन्हींना एकच शब्द. मुसलमान, हिंदू, जैन, पारशी, ख्रिस्ती, सगळ्यांनी आपापल्या श्रद्धेने हे केले. तहान लागलेल्याला मात्र कुठलेही पाणी सारखेच लागते.

फुकट पाहण्यासारखे

काम लवकर आटोपले आणि गाडी रात्रीची असेल, तर हातात चार-पाच तास उरतात. मुले हे तास मॉलमध्ये घालवतात आणि बाहेर येतात तेव्हा खिसा हलका झालेला असतो. त्यांना मी एक रस्ता सांगतो. सीएसएमटीची इमारत आधी बाहेरून नीट पाहा; तिकिटाच्या रांगेत उभे राहून तिचे छत पाहायला काही पडत नाही. ही इमारत २००४ पासून जागतिक वारसा आहे. समोर अंजुमन-ए-इस्लामची देखणी वास्तू आहे. १८७४ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या करीमी लायब्ररीत उर्दूचा मोठा ठेवा आहे. तिथून हुतात्मा चौकाकडे चालत जा. फूटपाथवर जुनी पुस्तके मिळतात, घासाघीस करावी लागते. पुढे ओव्हल मैदान. मैदानाच्या एका बाजूला राजाबाई टॉवर, उच्च न्यायालय अशा दगडी गॉथिक इमारती आणि दुसऱ्या बाजूला आर्ट डेको पद्धतीच्या गोल सज्ज्यांच्या इमारती. या दोन्ही बाजूंना मिळून २०१८ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. मधल्या मैदानात पोरे क्रिकेट खेळत असतात. जहांगीर आर्ट गॅलरीत तिकीट नाही. एशियाटिकच्या पायऱ्यांवर बसायला कुणी पैसे मागत नाही. आणि शेवटी मरीन ड्राइव्हचा कठडा. एवढ्या महागड्या शहरातली सगळ्यांत सुंदर जागा ही सगळ्यांत स्वस्तही आहे.

राणीच्या बागेतले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ पासून लोकांसाठी खुले आहे आणि त्याचे तिकीट अगदी थोडे. बुधवारी बंद असते, एवढे लक्षात ठेवा. घारापुरीच्या लेणी सोमवारी बंद. दादरला जाणे झाले तर मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात डोकवा. १८९८ ची ही संस्था. मुंबई पाहून आलो म्हणणाऱ्याने एक तरी ग्रंथालय पाहिलेले असावे, असा माझा मास्तरी हट्ट आहे. मुले हसतात, पण वहीत आता पुस्तकांचे रकाने दिसू लागले आहेत.

चाव्या लटकत होत्या

आता थोडे अप्रिय लिहायला हवे, नाहीतर हा हिशेब अपुरा राहील. मुंबईतली रात्र काहींना पैसे असूनही मिळत नाही.

काही वर्षांपूर्वी आईच्या तपासणीसाठी आम्ही मुंबईला गेलो होतो. स्टेशनजवळच्या एका लॉजवर फोन करून खोली ठरवली होती. काउंटरवरच्या माणसाने माझे आधार कार्ड हातात घेतले, नाव वाचले आणि खोली आत्ताच गेली, असे सांगितले. त्याच्या मागे फळीवर चाव्या लटकत होत्या. आई दारातल्या बाकावर बसली होती. मी परत आलो तेव्हा तिने विचारले, ‘क्या हुआ रे?’ मी म्हटले, ‘लिफ्ट नइं है, अम्मी.’ ती काही बोलली नाही. बॅग उचलताना एवढेच म्हणाली की, पहिल्या मजल्याला लिफ्ट कशाला लागते?

त्या रात्री आम्ही एका धर्मशाळेत राहिलो. दारावर संताची तसबीर होती, उदबत्ती लावलेली. कारकुनाने रुग्णालयाचा कागद पाहिला, आईचे वय विचारले आणि खालची खाट दिली. पहाटे माझ्या सहरीसाठी त्याने स्वतःहून थर्मासमधला चहा आणून ठेवला. दोन्ही अनुभव एकाच शहरातले, एकाच दिवसातले. पहिला विसरावा, असे मी म्हणत नाही. पण दुसराही तितकाच खरा आहे.

हे दुखणे फक्त आमचे नाही. पंढरपुरात एकेकाळी जातीजातींच्या धर्मशाळा होत्या आणि अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना त्यांत जागा नव्हती. विठ्ठलाच्या भेटीला आलेली माणसे वाळवंटात उघड्यावर झोपत. गाडगेबाबांनी त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि पुढे ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. वाटेवरच्या माणसाला आधी त्याची जात, त्याचे नाव विचारणे हा त्याच्या थकव्याचा अपमान आहे, हे बाबांना पक्के कळले होते. म्हणून आमच्या वहीत मी एक रकाना मुद्दाम वाढवला आहे: ‘वागणूक कशी मिळाली?’ स्वस्त-महाग नंतर. आधी मुलांना हे कळू दे.

आपण काय करू शकतो

अडचण अशी की या जागा वाढत नाहीत, रेटा मात्र वाढतो आहे. जुन्या मुंबईत जिथे-तिथे पुनर्विकास चालू आहे. कुडांत आता पूर्वीइतके खलाशी येत नाहीत. गावच्या खोल्यांची भाडी, दुरुस्ती कुणी पाहायची यावरून मंडळांत वाद आहेत. रुग्णालयांजवळच्या धर्मशाळांसमोर रांग असते आणि पलीकडे फूटपाथवर प्लास्टिक अंथरून माणसे झोपलेली असतात. आपल्या आधीच्या पिढ्यांनी परक्यांसाठी बांधून ठेवलेल्या खाटांवर आपण आज झोपतो. आपण कुणासाठी काय बांधले, असे कुणी विचारले तर उत्तर द्यायला अवघड जाईल.

म्हणून तीन साध्या गोष्टी सुचवतो. पहिली, माहिती. प्रत्येक कॉलेजात, ग्रामीण रुग्णालयात, मशिदीत, मंदिराच्या सभामंडपात एक कागद लावता येईल: मुंबईत कुठे राहता येते, कोणती कागदपत्रे लागतात, रुग्णाला रेल्वेची सवलत कशी मिळते. डॉक्टरांचे पत्र आणि आधार कार्ड यांच्या दोन-दोन प्रती सोबत नसल्याने रात्र बाहेर काढलेल्या नोंदी आमच्या वहीत आहेत. हा कागद लावायला पैसे लागत नाहीत.

दुसरी, एका खाटेचा खर्च. एखाद्या आळीने, बचत गटाने, दहावी-बारावीच्या जुन्या मित्रांच्या गटाने मिळून एखाद्या धर्मशाळेला वर्षभराचा एका खाटेचा खर्च द्यावा. मुस्लिम वाचकांना सांगेन, जकात देताना यादीतला शेवटचा हक्कदार विसरू नका. जकातीला तिचे स्वतःचे नियम आहेत, त्याबद्दल जाणकारांना विचारा. पण सदका, म्हणजे स्वखुशीचे दान, कुणालाही देता येते. त्याला धर्माची अट नाही.

तिसरी गोष्ट आपल्याच गावातली. जालन्यालाही परगावची माणसे येतात. कुणी रुग्ण घेऊन येतो, कुणी परीक्षेला, कुणी बियाण्याच्या कंपन्यांत नाहीतर लोखंडाच्या कारखान्यांत कामाच्या शोधात. त्यांच्यासाठी आपले शहरही परके आणि महागच असते. बस स्थानकावर उतरलेल्या बिहारी मुलाला खोली देताना आपण काय विचारतो, हेही एकदा आठवून पाहावे.

ईदनंतर आमच्या कॉलेजातली तीन मुले मुंबईला मुलाखतीला जाणार आहेत. दोन मुलगे आणि एक मुलगी. मुलीच्या मुक्कामाची सोय अजून झालेली नाही; मुलांची स्वस्त जागा अनेक ठिकाणी होते, एकट्या मुलीची होत नाही. वहीत तिच्या उपयोगाची नोंद शोधली, तर एकच सापडली आणि तीही चार वर्षांपूर्वीची. वाचकांपैकी कुणाला एकट्या मुलीसाठी खात्रीची, परवडणारी जागा माहीत असेल, तर या पानाकडे जरूर कळवा. ती वहीत लिहून ठेवू. पुढच्या वर्षी दुसरी एखादी मुलगी जाईलच.